टीव्हीसमोरून गच्चीवर

त्या भागात डिश बसवणारे पाच-सहाजण होते, पण जोडीने काम करणारं घर एकच. नवरा गच्चीवर, बायको खाली टीव्हीसमोर. तो वर डिश फिरवायचा आणि ती खालून ओरडायची, "आलं! गेलं! अहो, मागे घ्या जरा! थांबा!" तिचा आवाज चार मजले आरामात चढून जायचा. रस्त्याने चाललेला एखादा सायकलवाला तर ब्रेक मारून थांबायचा, बाई आपल्यालाच थांबवतेय असं वाटून. लोकांनी तिचं नावच पाडलं होतं, आलं-गेलं काकू. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला सगळं ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे. आवाज होता म्हणून नाव पडलं ना!

तिचं लग्न झालं तेव्हा गच्च्यांवर जाळीच्या मोठाल्या छत्र्या होत्या. चित्र नीट लागलं नाही की पडद्यावर मुंग्या यायच्या. त्या मुंग्यांचं एक बरं होतं. छत्री जराशी हलली की त्या लगेच कमी-जास्त व्हायच्या, त्यामुळे खाली कुणीही उभं राहिलं तरी काम भागायचं. पुढे छोट्या डिश आल्या आणि सगळा खेळच बदलला. आता चित्र एक तर आरशासारखं स्वच्छ, नाहीतर नुसता निळा पडदा. अधलंमधलं काही नाही. त्यातून टीव्हीखालचा तो सेट टॉप बॉक्स भारी विचारी. सिग्नल सापडला तरी तीन-चार सेकंद गप्प बसणार आणि मग सांगणार.

नवरा मात्र मुळातच घाईचा. जेवताना घाई, चालताना घाई, डिश फिरवताना तर विचारूच नका. सिग्नल यायचा, बॉक्सला पत्ता लागायच्या आत डिश पुढे गेलेली असायची. सुरुवातीला एकेका घरी अर्धा अर्धा दिवस मोडायचा, घरमालक जांभया द्यायचे. शेवटी एकदा तिनेच खालून दम भरला, "बोटभर फिरवा आणि हात काढून घ्या! मी पाच म्हणेपर्यंत डिशला हात लावायचा नाही!" आणि ती मोठ्याने आकडे मोजायला लागली. त्या दिवशी डिश वीस मिनिटांत लागली. तेव्हापासून ती मोजायची आणि तो थांबायचा. लोकांना वाटायचं, डिश काका लावतात. काकांनाही तसंच वाटायचं. तिने कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. वरची सिग्नलच्या ताकदीची, खालची त्याच्या दर्जाची. वरच्या पट्टीला तिने 'फुगीर' असं नाव ठेवलं होतं. "ती काय, कुणालाही बघून फुगते," ती म्हणायची. "डिश भलत्याच उपग्रहाकडे तोंड करून बसली तरी ही फुगणार. खरं बोलते ती खालची." बावीस वर्षं ती त्या खालच्या पट्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघत आली होती. वर काय चाललंय हे तिला दिसत नसे, पण पट्टी कशी सरकते त्यावरून तिला कळायचं की नवऱ्याने डिश उजवीकडे नेली की खाली झुकवली, बोल्ट सारखे आवळले की एकच आधी करकचून आवळला.

एवढं असून ती कामासाठी गच्चीवर कधी गेली नव्हती. तशी वेळच आली नव्हती.

वेळ आली ती एका सकाळी, एका शिंप्याच्या दुमजली घरी. डिश लागली होती. खालची पट्टी सत्तरवर स्थिर होती. तिने नेहमीसारखं ओरडून सांगितलं, "आलं! आवळा आता!" वरून उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. काहीच नाही. रिमोट शिंप्याच्या हातात कोंबून ती जिना चढत गेली, शेवटच्या लोखंडी शिडीवरून कशी वर पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. बघते तर नवरा पाण्याच्या टाकीला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे गच्च मिटून बसलेला.

"काय झालं हो?"

"गच्ची फिरतेय," तो म्हणाला. "तू धरून ठेव."

"कुणाला, तुम्हाला की गच्चीला?"

तशाही अवस्थेत त्याच्या तोंडावर हसू आलं. तिने त्याला बसत-सरकत शिडीपर्यंत आणलं, शिंप्याने खालून पाय धरले आणि एकदाचा तो जमिनीवर आला. त्याला पंख्याखाली आडवं करून पाणी दिल्यावर तिला आठवण झाली की वर बोल्ट सैलच आहेत. वाऱ्याची एक झुळूक आली तरी सगळी मेहनत पाण्यात. ती पुन्हा वर गेली. पाना तिथेच पडला होता. अर्धा फेरा या बोल्टला, अर्धा फेरा समोरच्याला, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. वरून इतकी वर्षं तो हेच बडबडत असायचा, ते सगळं तिच्या कानांत होतं. खाली येऊन पाहिलं, पट्टी सत्तरवरच. शिंपी म्हणाला, "काकांनी काम मात्र पक्कं केलं हां, चक्कर आली तरी!" ती फक्त "हो" म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या कानाचा त्रास आहे, तोल जातो. बरा होईल, पण निदान तीन महिने शिडीचं नाव काढायचं नाही. स्टुलावरसुद्धा चढायचं नाही.

पहिला आठवडा नवरा घरात जखडल्यासारखा बसून होता. फोन वाजला की उचलायचा, "तब्येत बरी नाही" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. आठव्या दिवशी ती म्हणाली, "आजपासून नाही म्हणू नका. मी जाते वर."

नेमकी तेव्हा नवऱ्याची थोरली बहीण आलेली होती. तिने कप खाली ठेवला. "अगं, वेडबिड लागलंय का तुला? या वयात शिड्या चढणार? उद्या पडलीस म्हणजे? आणि लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, टीव्ही लागला," ती म्हणाली. "वन्सं, लोकांना दुसरं काय हवं असतं?"

नणंदबाई भावाकडे वळल्या. "तू तरी सांग हिला."

नवऱ्याने चहाची बशी खाली ठेवली. म्हणाला, "बोल्ट तिनेच आवळले होते त्या दिवशी. मी शिंप्याला सांगितलं नाही." एवढं बोलून तो आतल्या खोलीत गेला आणि पान्यांची पिशवी घेऊन बाहेर आला.

त्या महिन्यात तिने चार-पाच साधी कामं केली. पण लोकांच्या तोंडी ती आली ती वृद्धाश्रमाच्या डिशमुळे.

वादळ होऊन गेल्यापासून त्या वृद्धाश्रमाचा टीव्ही बंद होता. अकरा दिवस झाले होते. तिथे एकच टीव्ही, मोठ्या खोलीत, आणि बघणारी तीसेक माणसं. दोन फिटर येऊन गेले होते. दोघांनीही शेजारी नव्याने उठलेल्या सहा मजली इमारतीकडे बोट दाखवलं. "ती आडवी येतेय. उंच मनोरा उभारल्याशिवाय काही होणार नाही," असं सांगून दोघांनी हात टेकले होते. मेट्रनबाईंनी शेवटचा उपाय म्हणून या नवरा-बायकोला फोन केला.

दोघं पोचले तेव्हा मोठ्या खोलीत खुर्च्या मांडून सगळी म्हातारी मंडळी तयारच होती, जणू नाटकाची घंटा व्हायची आहे. पिशवी तिच्या खांद्याला आणि काका हात हलवत मागून, हे बघून मेट्रनबाई जरा घुटमळल्या.

"वर… कोण जाणार?"

"मी," ती म्हणाली. "जिना कुठे आहे?"

खिडकीजवळच्या खुर्चीतून एक आजी म्हणाल्या, "दोन बाप्यांना नाही जमलं, आता ही बघणार!" त्यांना वाटलं आपण मनातल्या मनात बोललो. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे सगळ्या खोलीने ऐकलं. तिनेही ऐकलं.

वर जायच्या आधी ती टीव्हीसमोर उभी राहिली. सवयच होती ती. पट्ट्या काढून बघितल्या. वरची चांगली जाडजूड, ऐंशीच्या पुढे. खालची शून्य. ती तशीच बघत राहिली. इमारत आडवी असती तर ही फुगीरसुद्धा इतकी फुगली नसती. म्हणजे डिशला आकाश दिसत होतं. ती फक्त भलत्याच दारात उभी होती.

"अहो," ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "इमारतीचा काही संबंध नाही."

त्याने पट्ट्या पाहिल्या, तिच्याकडे पाहिलं. "मग?"

"वर जाऊन सांगते."

गच्ची मोठी होती, कडेने कपडे वाळत घातलेले. डिश एका लोखंडी खांबावर होती. तिने आधी डिशला हात लावलाच नाही. डिशच्या मागे उकिडवी बसली, हात तिरका वर धरला आणि त्या रेषेत एक डोळा मिटून पाहिलं. इमारतीचा कोपरा बाजूला राहत होता, वीतभरच का होईना, पण राहत होता. मग डिशच्या पाठीवरचा, ती किती वर बघते तो उंचीचा आकडा पाहिला. तोही बरोबर. आधीच्या फिटरांनी आकडा लावला होता, डिश डावी-उजवीकडे फिरवली होती, भलताच उपग्रह सापडला होता आणि कंटाळून खापर इमारतीवर फोडलं होतं. आकडा बरोबर असून डिश चुकते कशी?

तिचे वडील गवंडी होते. लहानपणी ती त्यांच्याबरोबर बांधकामांवर जायची आणि तिचं काम एकच, ओळंबा धरायचा. दोरा सोडायचा आणि भिंत सरळ आहे का सांगायचं. पुढे पुढे तिला दोऱ्याचीही गरज लागायची नाही. आताही तिने खांबाकडे लांबून पाहिलं आणि तिच्या मनात आलं, हा उभा नाही, रेललाय. खात्री करायला तिने पिशवीतला दोरा काढला, त्याला एक नट बांधला आणि खांबाच्या माथ्यावरून सोडला. तळाशी दोरा आणि खांबामध्ये दोन बोटं सहज गेली.

खाली वाकून पाहिलं तर खांबाच्या पायातल्या चार बोल्टांपैकी एक वादळात उपटून वर आला होता. खांबच वाकडा, मग त्यावरचा आकडा कितीही बरोबर असला तरी काय उपयोग! डिश एका बाजूला फिरवली की वर बघणार, दुसऱ्या बाजूला फिरवली की जमिनीकडे. तिला हसू आलं. एकटीच हसली, गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींसमोर.

तिने बोल्ट काढला, भोक साफ केलं, मेट्रनबाईंकडून थोडं सिमेंट मागवून नवा बोल्ट बसवला. ते जरा घट्ट होईपर्यंत चहा झाला, मंडळींची जेवणं झाली, दुपारच्या डुलक्याही झाल्या. मग तिने खांबाच्या पायाखाली पत्र्याचा तुकडा सारून तो ओळंब्यात आणला आणि चारी बोल्ट आवळले. पुन्हा दोरा सोडला. आता तो खांबाला वरपासून खालपर्यंत घासून उतरला.

खरी परीक्षा इथून पुढे होती, आणि ती नवऱ्याची होती. खालचं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

"काय दिसतंय?" ती वरून ओरडली.

"निळं!"

"ते मलाही माहितीय! पट्टी सांगा!"

"कुठली?"

तिने कपाळाला हात लावला. डिश बोटभर सरकवली. लगेच खालून आनंदाची आरोळी आली, "आलं! आलं!" खोलीत टाळ्या पडल्या. मग त्याचाच ओशाळा आवाज, "वरची पट्टी होती."

"फुगीरला भुललात होय!"

बरं, त्याचा आवाज तिच्यासारखा चढेनाही. मान वर करून ओरडलं की त्याला गरगरायचं. खोलीतली सगळी मंडळी त्याच्या मदतीला एकदम ओरडायला लागली. कुणी "आलं", कुणी "नाही आलं", कमी ऐकू येणाऱ्या आजी "जेवायला बोलावतायत का?" असं विचारत होत्या. वर तिला काहीच कळेना.

तेव्हा कोपऱ्यातले एक आजोबा काठी टेकत उठले. सगळ्यांना दटावून म्हणाले, "गप्प बसा! एकाच वेळी दहा कंडक्टर असले तर गाडी चालेल का?" ते खरोखरच बसकंडक्टर होते, पस्तीस वर्षं नोकरी केलेले. त्यांनी स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणि मोठा चमचा मागवला आणि जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. तिला वर हाक मारून सांगितलं, "बाई, डबल बेल म्हणजे पुढे चला. सिंगल म्हणजे जागच्या जागी थांबा. तुमचे यजमान आकडा सांगतील, बेल मी देईन."

मग काम रांगेला लागलं. ती डिश बोटभर सरकवायची, हात काढून घ्यायची आणि मोठ्याने मोजायची, "एक… दोन… तीन… चार… पाच!" खालून टण-टण. पुन्हा बोटभर. पुन्हा पाच. टण-टण. ऊन उतरू लागलं होतं. तिच्या हाताला लोखंडाचा वास लागला होता, गुडघे दुखत होते, पण घाई तिच्या अंगात मुळी नव्हतीच. नवव्यांदा सरकवून तिने मोजायला सुरुवात केली. "एक… दोन… तीन… चार…"

टण!

ती जागच्या जागी थिजली. खालून नवऱ्याचा आवाज आला, गरगरण्याची पर्वा न करता ओरडलेला, "खालची! खालची पट्टी! बत्तीस!"

आणि बत्तीसवर ती थांबली नाही. केसभर वर, केसभर डावीकडे. आता नवऱ्याला सूर सापडला होता. "अठ्ठेचाळीस… एकसष्ट… चौसष्ट… बासष्ट, अगं मागे ये… सहासष्ट… एकाहत्तर! चौऱ्याहत्तर! बस्स!" तिने बोल्ट अर्धा अर्धा फेरा देत आवळले. मध्येच तो ओरडला, "सत्तर झालं, उजवा जास्त आवळलास!" तिने उजवा सैल केला आणि डावा आवळला. चौऱ्याहत्तर. तिला मनापासून बरं वाटलं. उजवा बोल्ट जास्त आवळला हे त्याला खाली बसून कळलं होतं!

जिना उतरताना तिला आधी ऐकू आली ती बातम्यांची धून. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग मेट्रनबाईंचा, "काका, कमालच झाली हो! वर गेलेली तुमची मदतनीस चांगली तयार केलीत तुम्ही."

ती जिन्यावरच थबकली. आता तो काय म्हणतो हे ऐकायची तिला एकदम उत्सुकता वाटली. बावीस वर्षांत असा विषय कुणी काढलाच नव्हता.

"मदतनीस मी आहे," नवरा म्हणाला. "मिस्त्री त्या. खांब वाकडा आहे हे त्यांनी ओळखलं. दोन फिटरांना नाही कळलं, आणि खरं सांगू का बाई, मलाही कळलं नसतं. मीही इमारतीलाच नावं ठेवून घरी गेलो असतो."

एरवी तो तिला 'अगं' म्हणायचा, फार तर 'ऐकलंस का'. आज परक्या माणसांसमोर 'त्या' म्हणाला. तिला हसू आलं. ते आवरून ती खोलीत शिरली. कंडक्टर आजोबांनी ताटावर चमचा दोनदा वाजवला आणि सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. खिडकीजवळच्या आजींनी तिला जवळ बोलावलं, तिचा काळवंडलेला हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "मी सकाळी काहीतरी बोलले होते बहुतेक."

"मला नाही ऐकू आलं," ती म्हणाली.

"तुझेही कान गेलेत का?" आजी कळवळून म्हणाल्या.

परतताना दोघं रस्त्याच्या कडेने चालत होती. पिशवी आता त्याने घेतली होती, ती नको म्हणत असतानाही. चौकात थांबून त्याने मागे वळून वृद्धाश्रमाच्या गच्चीकडे पाहिलं. "सरळ उभा आहे," तो म्हणाला. "लांबून कळतं." तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण ती एवढंच म्हणाली, "सिमेंट आतून अजून ओलं आहे, आठवड्याने येऊन बघायला हवं."

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी त्याला शिडी चढायची परवानगी दिली. एका बेकरीवाल्याच्या घरी तो हौसेने वर गेला आणि ती पूर्वीसारखी खाली बसली. पंधरा मिनिटांनी तोच खाली उतरला. चक्कर वगैरे काही नव्हती. "तू जा," तो म्हणाला. "मी फिरवायला लागलो की पाचपर्यंत धीर धरवत नाही. आणि खालचं मला आता बरं जमतं." तिने पट्टी त्याच्या ताब्यात दिली आणि बाह्या सरसावून वर गेली. त्यानंतर कामाची वाटणी तशीच राहिली. तो खालून आकडे सांगण्यात इतका तरबेज झाला की फोनवर एखादा फिटर अडला, तर नुसत्या पट्ट्या विचारून तो सांगायचा, "थांबा, हे हिला विचारून सांगतो," आणि ती सांगेल ते निम्म्या वेळा त्याने आधीच ओळखलेलं असायचं.

वादळानंतर आलेले ते दोन फिटर? त्यातला एकजण आता अडला की तिलाच फोन करतो. परवा एका नव्या गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा ती ओसरीत बसून पाने पुसत होती.

"डिशवाले काका आहेत का? जरा त्यांना द्या."

"काका टीव्हीसमोर असतात," ती म्हणाली. "वरचं काम मी करते. पत्ता सांगा."